तिसरी मिशी

रात्री नऊला आम्ही चादर टांगतो
दोन पेरूंच्या मध्ये.
पांढरी, एका कडेला ठिगळ.
माझ्या सासूबाई, दोन्या एउदोसिया, हिच्यावरच गेल्या,
हे मी पाहुण्यांना सांगत नाही.

दिवा लागला की इन्तागचं खोरं
हळूहळू कापडावर चढू लागतं.
आधी पतंग, ते कुणाच्याही लग्नाला येतात.
मग टप्, टप्,
गार पडावी तसे भुंगेरे.

एक तांब्याचा.
एकाच्या पाठीवर कुणी सुईनं हिशेब मांडलाय
आणि मध्येच हातचा विसरलाय.
एक सोंडवाला, सोंडेच्या अध्यामध्यातून मिशा फुटलेला,
जणू चेहऱ्यावर जागाच उरली नव्हती.
एक शेणातून थेट आलेला, तरी नुकता न्हालेला.
एक तिळाएवढा.
एक काळा, नुसता काळा, कोटाच्या बटणासारखा;
उलटा केला तर पोट जांभळं.
हे कुणासाठी, पोटाखाली?

माझा भाचा विल्मर वहीत रेघा मारतो.
एकतिसाव्या जातीला पेन्सिल खाली ठेवून म्हणाला,
"मावशी, वेगळे मोजण्यापेक्षा
सारखे मोजूया का? लवकर झोपू."

राडोव्हान ओस्त्रावाहून येतो, दर मार्चला.
त्याचं स्पॅनिश मोडकं, पाठ त्याहून मोडकी.
मी मका सोलते त्याच टेबलावर
तो कॅमेरा बसवतो, रुळावर, आगगाडीसारखा.
त्यानंच एकदा समजावलं:
इतकं जवळ गेलं की भिंगाला सगळं एकदम दिसत नाही.
डोळा स्वच्छ, तर कपाळ धुक्यात.
कपाळ स्वच्छ, तर डोळा गेला.
म्हणून केसभर पुढे सरकत एकशे चाळीस फोटो,
प्रत्येकातला खरा तेवढाच काप उचलायचा
आणि थरावर थर रचायचा.

मी म्हटलं, नवऱ्याचंही मला असंच समजत गेलं,
फक्त फोटो कमी पडले.
त्याला कळलं नाही. विल्मर फिस्सकन हसला.

भुंगेरा हलता कामा नये.
म्हणून बहुतेक मेलेलेच असतात.
त्याची ती बाटली माझ्या साखरेशेजारी उभी असते,
मी तिच्याकडे पाठ करून कॉफी गाळते.
पण त्या रात्री बाटली संपली होती.
हिरव्या भुंगेऱ्याला फ्रिजमध्ये ठेवलं, चीजच्या बाजूला,
गारठून गप्प बसेल म्हणून.

दिवा मी धरला. श्वास तिघांनी धरला.
खट्. खट्. खट्.
बाहेर ओढा, आत ते खट्.

पहाटे पडद्यावर चेहरा उघडला,
नखाएवढ्या जिवाचा, डोंगराएवढा.
कवचभर खळगे, खळग्याखळग्यात अभ्रकाचा चुरा,
जबड्याखाली पिवळी लव,
मानेच्या सांध्यात एक कोळीष्टकासारखी गोचीड,
बिनभाड्यानं राहणारी.
आणि मिशा तीन.
डावी. उजवी.
आणि पुन्हा उजवी, धुराची, जरा वर उचललेली.

जागा झाला होता. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास,
थोडासाच.

"बाद," राडोव्हान म्हणाला,
आणि त्याचं बोट त्या बटणाकडे निघालं.
मी कॉफीचा कप पुढे केला,
त्याच हातात.

आमच्या घरात सासूबाईंचा एकच फोटो आहे,
धाकट्या दिराच्या लग्नातला.
सगळी माणसं खांबासारखी,
आणि त्यांना उजवा हात नाही, नुसता पांढरा फराटा.
कुणाला तरी दटावत होत्या.

तिन्ही मिशांचा आता त्याच्या शेजारी आहे,
विजेच्या बिलाच्या खिळ्याला.
राडोव्हानच्या पुस्तकात सगळ्यांना दोनदोनच.
भुंगेरा म्हणाल, तर ऊन चढल्यावर
चीजच्या ताटलीच्या काठावर आला,
पाठ उघडली, आतले चुरगळलेले पंख बाहेर काढले,
आणि पहिल्या झेपेत खिडकीच्या काचेवर आपटला.

दुसऱ्या झेपेत नाही.